लग्नपत्रिकांचा डबा

डब्याला मी काय बी बोलणार न्हाय. डबा झकास होता. मी बोलणार हाय ते डब्यात हात घालणाऱ्याला, आणि तो माझा सख्खा भाऊ हाय म्हणून जीभ आवरायची, असलं मला जमत न्हाय.

माझं नाव संयोगिता. मंगळवार पेठेत राहते, घरातच फॉल-पिको आणि ब्लाऊजचं काम करते. माहेर कळंब्याला. तिथं आई, धाकटा भाऊ उदयसिंह, त्याची बायको प्रियदर्शनी आणि त्यांची दोन पोरं, तेजस्वी आणि राजवीर. तेजस्वी म्हणजे आमची तेजू आठवीत हाय. ती मला आत्ती म्हणते आणि सारखी मोबाईलवर व्हिडिओ पाठवत असते. कागदाची फुलं, बाटलीचा दिवा, जुन्या बांगड्यांचं तोरण. दसऱ्याला म्हणाली, "आत्ती, ह्या दिवाळीला विकतचं काय द्यायचं न्हाय. मी तुला हातानं केलेलं देणार, तू मला."

व्हय म्हणून बसले आणि फसले. व्हिडिओतली बाई दीड मिनिटात नारळाच्या करवंटीत मेणबत्ती करते, ती बी हसत हसत. माझी पहिली वात मेणात बुडाली. दुसऱ्या वेळी करवंटी गळली आणि शेगडीवर मेणाचा थर बसला. तिसऱ्या वेळी बोट भाजलं. आमचे हे म्हणाले, "दहा रुपयाला मिळती की." म्हणलं, "तुम्ही गप बसा." चौथी जमली. जरा वाकडी, पण जमली. वीस वर्षं सुई चालवणाऱ्या बाईला मेणानं रडवलं, तर त्या पोरीनं किती जीव काढला असंल, ह्याचा अंदाज मला तेव्हाच आलता.

आता मधलं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं न्हाय. आमचे आण्णा, म्हणजे वडील, जाऊन दोन वर्षं झाली. कळंब्यातलं घर आणि घरामागची अठरा गुंठं त्यांच्या नावावर होती. आता तिथं आईचं, उदयचं आणि माझं नाव लागलंय. त्यातलं माझं नाव उदयला काढायचंय. त्यासाठी बहिणीनं हक्कसोड पत्रावर सही करायची असते, की मला काय नको, सगळं भावाचं. आमच्यात बहिणी करतात सही. केली की साडी मिळते, नाही केली की माहेरचं दार बंद. दोन वर्षं उदय म्हणतोय, "अक्का, तेवढं सहीचं बघ की," आणि मी म्हणते, "बघू."

खरं सांगू? मला जमिनीची हाव न्हवती. त्यानं एकदा समोर बसून विचारावं, "अक्का, तुझ्या मनात काय हाय?" एवढंच पाहिजे होतं. तसं विचारलं असतं, तर मी सही करून मोकळी झाले असते. हे माझं मलाच ठाऊक हाय, म्हणून तर राग जास्त येतोय.

तर भाऊबीजेला सकाळी कळंब्याला गेले. उदयला पाटावर बसवला, टिळा लावला, ओवाळलं. पुढं आईनं केलेल्या करंज्या, शेजारी राजवीर लाडू खात बसलेला. उदयनं पाठीमागून डबा काढला आणि तबकात ठेवला. "ह्या वर्षी साडी न्हाय अक्का. तेजूनं केलाय. हीच माझी ओवाळणी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! साडी काय, कपाटात पन्नास पडल्यात. पोरीनं घरात आलेल्या लग्नपत्रिका वर्षभर साठवलेल्या, तो जाड चकचकीत कागद कापून डबा केलेला. कुठं सोनेरी गणपती दिसतोय, कुठं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. झाकण उचललं की चारी भिंती चार बाजूंना पडतात, आत दुसरा डबा. त्याचं झाकण उचललं की परत चार भिंती, आत तिसरा. प्रत्येक भिंतीवर फोटो. कळंब्याच्या तलावाच्या बांधावर मी आणि उदय. त्याचं नाक वाहतंय आणि मी माझ्या फ्रॉकनं पुसतेय. दुसऱ्यात तेजू चार दिवसांची, माझ्या मांडीवर. तिसऱ्यात आण्णा, आम्हां दोघांना दोन खांद्यांवर घेऊन. आणि कडा अशा चिकटवलेल्या की डिंकाचा एक थेंब बाहेर न्हाय. मी शिवणारी बाई, माझी नजर आधी कडेवर जाते. डोळ्यात पाणी आलं माझ्या.

"आत्ती, आता शेवटची डबी!" तेजू गुडघ्यावर उड्या मारत होती. "उघड की!"

साबणाच्या खोक्याएवढी डबी. उघडली. आत एक पेन, सोनेरी टोपणाचं, तिरकं कोंबलेलं. पेनाला चिठ्ठी गुंडाळलेली. सोडून वाचली. 'अक्का, सोमवारी अकरा वाजता गाडी पाठवतो. कागद तयार हाय. फक्त सही. उदय.'

तळपायाची आग मस्तकात गेली. आधी मी तेजूकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं की ही पोरगी पण ह्यांच्यात सामील हाय, मला रडवून सही घ्यायला हे सगळं चिकटवत बसलेली. तेवढ्यात डबीचा कोपरा दिसला. पेन मावत न्हवतं म्हणून तो फाडलेला, आणि वरनं सेलोटेप मारलेली, वाकडी, सुरकुतलेली. अख्ख्या डब्यात दुसरीकडं कुठं सेलोटेप न्हवती.

"तेजू, ही टेप तू लावलीस?"

"न्हाय. मी कुठं टेप..." तिनं वाकून बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "हे कसलं पेन? माझं घर कुठाय?"

"कसलं घर?"

"आपलं घर! मी केलतं, एवढंसं. दार उघडतंय त्याचं. पप्पा, माझं घर कुठाय?"

उदय करंजी मोडत म्हणाला, "अगं, ते बसत न्हवतं बाळा, म्हणून काढून ठेवलं."

तेजू उठली. शोकेस बघितली, टीव्हीच्या मागं बघितलं, मग स्वयंपाकघरात गेली. आम्हाला बादलीचा आवाज आला. आली तेव्हा हातात चपटा झालेला कागद होता, फुलबाज्यांची राख लागलेला. कचऱ्यातनं काढलेला. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला. एवढंसं घर, त्याला दार, आणि दारावर स्केचपेननं पाटी: आजी, पप्पा, मम्मी, आत्ती, तेजस्वी, राजवीर.

माझं नाव कागदावरनं काढायला निघालेल्या माणसाला पुठ्ठ्याच्या दारावरचं बी सोसलं न्हाय!

प्रियदर्शनी दारात उभी होती. हळूच म्हणाली, "वन्सं, मी म्हणलं होतं ह्यांना. पोरीचं काढू नका म्हणून."

"म्हणलीस, आणि मग टेप कुणी आणून दिली?"

तिनं मान खाली घातली.

"अक्का, चिडू नको," उदय म्हणाला. "जरा गंमत केली. पोरीच्या निमित्तानं तुला गोड वाटंल म्हणून."

"गंमत? दोन वर्षांत तुला माझ्यासमोर बसून तोंड उघडायला झालं न्हाय, आणि पोरीच्या कष्टाच्या आड लपून सही मागतोस? भाऊबीजेच्या तबकात? अरे, मागायचं तर मर्दासारखं माग की! मी वाघीण हाय काय, खाईन तुला?"

आई मधी पडली. "सणासुदीचं नको गं बाई. कर की सही. माहेर तरी राहील तुझं."

"आई, तू केलतीस की मामाला सही. शेवटची कधी गेलीस मामाकडं?"

आई पदरानं हातातली वाटी पुसत राहिली, ती कोरडीच होती. बोलल्यावर मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला न्हाय.

उदयनं आता आवाज चढवला. "मग सरळ सांग की हिस्सा पाहिजे! लोकं काय म्हणतील, भावाच्या घरावर डोळा ठेवला?"

"काल पाहिजे न्हवता. आता पाहिजे. जा, सांग लोकांना."

तेवढ्यात तेजू बोलली. तिचा आवाज मोठा न्हवता. "पप्पा, माझं लग्न झालं की माझं पण नाव काढणार?"

"तुझी गोष्ट वेगळी हाय बाळा."

"कशी वेगळी?"

उदयनं राजवीरकडं बघितलं, प्रियदर्शनीकडं बघितलं. प्रियदर्शनीनं काय त्याला सोडवलं न्हाय. पोरगी उत्तराची वाट बघत तशीच उभी होती.

मी उठले. पेन तेजूच्या हातात दिलं. "हे तुझं. जपून ठेव. कुणी सही मागितली तर आधी कागद वाचायचा. मन न्हाय म्हणालं तर टोपण काढायचं न्हाय. मग मागणारा बाप असू दे न्हायतर भाऊ." उदयच्या तोंडावरच म्हणाले. मग पिशवीतली माझी वाकडी मेणबत्ती तिला दिली, डबा आणि ते चपटं घर घेतलं आणि गाडीला किक मारली. जेवायला थांबले न्हाय. आईनं करंज्यांचा डबा घेऊन हाक मारली, तो तेवढा घेतला.

घरी आल्यावर त्या घरावर ओला सुती कपडा ठेवला आणि हलकी इस्त्री फिरवली, ब्लाऊजच्या कॉलरला करते तसं. भिंती सरळ झाल्या. दार परत उघडायला लागलं. राखेचा डाग मात्र गेला न्हाय.

सोमवारी बरोबर अकराला गाडी दारात. उदयला वाटलं असंल, बाईचा राग, चार दिवसांत उतरतोय. ड्रायव्हर नवीनच होता, दारातनं म्हणाला, "अक्का, साहेबांनी बोलावलंय. सहीला."

"पावणं, आत या. चहा घ्या आणि रिकामी गाडी घेऊन जावा."

तो बिचारा चहा घेत बसला. समोर शिलाई मशीनवर ते घर ठेवलेलं. वाकून पाटी वाचायला लागला.

"पोरीनं केलंय व्हय? कुणाचं घर म्हणायचं हे?"

"माझं," मी म्हणलं आणि मशीन चालू केली.