पट्टा बांधलेले खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. खुशाल नाक मुरडा, मला सवय आहे. एका लोहाराने मोडक्या गाडीच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यातून मला घडवले. काय तो मार! पण त्या माराने मला आलेला चिवटपणा अजून टिकून आहे.

माझी पहिली मालकीण काम संपले की मला पुसून, तेल लावून ठेवायची. "हा माझा उजवा हात," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि मी मनातल्या मनात फुगायचे. ती वारली, आणि तिच्या नवऱ्याने मला शेडच्या कोपऱ्यात टाकले. गंज चढला, मूठ तडकली. कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

एके दिवशी तिच्या सुनेने मला उचलले. सासरे दारातच उभे होते.

"कोबी लावतेस? लाव बाई. पण हे पीक बिघडलं, तर पुढच्या वर्षी वावर दुसऱ्याला खंडाने कसायला देऊन टाकणार. माझ्याने आता होत नाही."

"नाही बिघडणार, आबा," ती म्हणाली आणि मला दगडावर घासायला बसली.

मग काय विचारता! आम्ही तण काढले, रोपांच्या बुडाशी माती ओढली. तिच्या हाताला फोड आले, पण ती हटली नाही. गड्डे असे घट्ट भरले की दाबले तरी बोट रुतेना. दोन दिवसांनी माल न्यायला टेम्पो येणार होता.

नेमका तेव्हाच तिच्या दिराने घोळ घातला. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. माती वरून कोरडी दिसली, म्हणून त्याने पाणी सोडले आणि झाडाखाली आडवा झाला. लागला डोळा! उठून पाहतो तर वावराचे तळे झालेले.

"वहिनी, मला वाटलं कोबी तहानलाय!"

"अहो भाऊजी, भरल्या गड्ड्याला एवढं पाणी पाजतात का? फुटतात ते!"

तिचे बोलणे संपायच्या आत एक गड्डा मधोमध तडकला. मग शेजारचा. ती बांधावर मटकन बसली आणि रडू लागली. माझाही जीव तुटत होता.

सासरे आले. आता बोलणार, असे मला वाटले. पण ते फुटक्या गड्ड्याकडे बघत हळूच म्हणाले, "तुझी सासू अशा वेळी एका बाजूची मुळं तोडायची. मग पाणी वर कमी चढतं."

ती डोळे पुसून उठली. मी मातीत घुसले. एका बाजूची मुळे तोड, पुढच्या गड्ड्याकडे सरक. दुसऱ्या टोकाकडून दीर कुदळीने भिडला. निम्म्या वावरात माझी मूठ उभी चिरली. सासऱ्यांनी कमरेचा पट्टा काढून मुठीभोवती करकचून आवळला.

"चालव आता."

आणि स्वतः एका हाताने पँट सावरत ते फुटके गड्डे बाजूला काढू लागले. हसू नका, मित्रांनो! त्या दिवशी तिथे कुणीच हसले नाही.

काही ओळी गेल्या, पण बहुतेक कोबी वाचला. टेम्पो भरून निघाल्यावर सुनेने विचारले, "आबा, वावर खंडाने द्यायचं ना?"

"आधी खुरप्याला नवी मूठ बसव. पुढच्या लावणीला लागेल."

मित्रांनो, तुमच्याही घरच्या कोपऱ्यात माझ्यासारखे कुणी पडले असेल. त्याला एकदा उचलून, पुसून बघा. मला नवी मूठ मिळाली. पट्टा मात्र आबांनी परत मागितला नाही. त्याच पट्ट्याने आता मी शेडच्या दाराशी, हाताला लागेल असे टांगलेले असते.