सोळाव्या दिवशी माझा दिवा नेला

मी अंडी उबवायची पेटी बोलतेय. हो, आवाज चढलाय माझा, आणि तो इतक्यात खाली येणार नाही.

जन्माने मी मासळीचा बर्फ ठेवायचा थर्माकोलचा खोका. हमरापूरच्या चंद्रावतीने मला घासून धुतलं, बाजूंना भोकं पाडली, आत एक बल्ब टांगला, तापमान धरणारं छोटं यंत्र बसवलं आणि पाण्याची वाटी ठेवली. जन्मभर गारवा सांभाळायची माझी जात, पण तिने मला ऊब द्यायला लावली.

चंद्रावती गणपतीचे डोळे आखते. तिचा नवरा पुंडलिक मूर्तींचा कारखाना बघतो. कारखाना घराचा, नाव पुंडलिकचं आणि डोळ्यांसाठी गिऱ्हाईक तारीफ करतं तीही पुंडलिकचीच. म्हणून तिला काहीतरी स्वतःचं हवं होतं. माहेरी, रोह्याजवळच्या वरसे गावी गेली तेव्हा रोह्याहून तिने लावा पक्ष्याची चोवीस अंडी आणली, एसटीत मांडीवर धरून. ठिपक्याठिपक्यांची, बोराएवढी. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करून दिवसातून तीनदा ती फिरवायची. डोळे आखणारी बोटं ती, एकाही अंड्याला कधी धक्का लागला नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी निरोप आला की वरशाला आई पडलीय. निघताना ती पुंडलिकला म्हणाली, "आता अंडी फिरवायची नायत, झाकण उघडायचं नाय. परवापर्यंत पिल्लं निघतील."

"व्हय गो, मी काय लहान पोर हाय?"

लहान पोर बरं! पोराने ऐकलं तरी असतं.

श्रावणातली दमट हवा, रंग वाळत नव्हता. तो वाळवायला मूर्तींपुढे लावलेल्या बल्बांपैकी एक उडाला आणि संध्याकाळी मूर्ती न्यायला गाडी यायची होती. पुंडलिक तडक माझ्याकडे आला. दारात बसलेली त्याची आई बायजाबाई म्हणाली, "अरं, तिला काय सांगशील?"

"दोन तासांत परत लावतो, आये. देवाचं काम हाय."

देवाचं काम! स्वतःची घाई झाकायला माणसांना देव किती सोयीचा पडतो! त्याने बल्ब उपसला, झाकण वाकडंतिकडं टाकलं आणि गेला. माझ्या आतली ऊब निघून जाताना मला कळत होती. आदल्या दिवशी काही अंडी जराशी हलली होती. दुपारपर्यंत एकही हलेना. मला तोंड असतं तर सगळं हमरापूर गोळा केलं असतं.

दोन तासांचा बल्ब सात तासांनी परत आला. चंद्रावती घरी पोचली तेव्हा तापमानाचा काटा जागच्या जागी होता.

"बरोबर हाय ना सगळं?"

"सगळं बरोबर," पुंडलिक म्हणाला.

अठरावा दिवस गेला, एकोणिसावा गेला. एका अंड्याला टोचा पडला, इवलीशी चोच दिसली आणि तिथेच थांबली. विसाव्या दिवशी तिने अंडी फोडून पाहिली. आत लव आलेली पुरी पिल्लं होती. ती माझ्यापाशी बसून रडली. म्हणाली, "माझंच चुकलं. पानी कमी घातलं मी."

पुंडलिक शेजारी उभा राहून चहा पीत होता. म्हणाला, "व्हतं असं कधीकधी."

बल्ब नेला ते एक वेळ मी गिळलं असतं. पण हे? तिने स्वतःला दोष द्यावा आणि याने घोट घ्यावा?

शेवटी बायजाबाईलाच बघवेना. "तुझं काय चुकलं नाय गो. यानं दिवा नेलता, दिवसभर."

चंद्रावतीने पिल्लं शेवग्याखाली पुरली, मला पुसलं आणि माळ्यावर टाकलं. मूर्तींचे राहिलेले डोळे तिने आखले, पण पुंडलिकशी अक्षर बोलली नाही.

चार दिवसांपूर्वी तो स्वतः रोह्याला जाऊन नवी अंडी घेऊन आला. पिशवी तिच्यापुढे धरून म्हणाला, "चुकलं माझं. ही बघ, तेवढीच आणलीत."

"आणायची तर तीच आणा," ती म्हणाली.

बरं बोलली! मला माळ्यावर ऐकू आलं तेव्हा जिवाला थंडावा वाटला. पण ती पिशवी अजून खुंटीला तशीच आहे. अंडी आठवडाभर दम धरतात, मग आतल्या आत संपतात. चार दिवस गेले.

चंद्रावती, त्याच्याशी बोलू नकोस. माझाही त्याच्यावरचा राग गेलेला नाही, जायचाही नाही. पण खुंटीवरच्या त्या अंड्यांनी आपलं काय केलंय? मला खाली काढ, बाई. आजच काढ.