घोगरा भोंगा

२०२३ सालची गोष्ट. कोसाडच्या घरात चंद्रभागाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे यजमान नागनाथ रेल्वेत ड्रायव्हर होते. आपलं डिझेल इंजिन भंगारात कापलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि तेव्हापासून ते स्टेशनाकडे फिरकत नव्हते.

मुलगी विशाखा मोबाइल घेऊन आली. "बाबा, आपली जुनी इंजिनं आफ्रिकेत चालतायत. यात तुमचं आहे का बघा ना!"

"रंग वेगळा, नंबर वेगळा. मी काय ज्योतिषी आहे? बंद कर ते."

तेवढ्यात मोबाइलमधलं इंजिन वाजलं. भोंगा शेवटी घोगरा झाला, खोकला आल्यासारखा. चंद्रभागाबाई उठल्या आणि त्यांनी गॅसवर तवा ठेवला. उधन्याच्या चाळीत असताना त्या हाच भोंगा ऐकून भाकरी टाकायच्या.

"आई, पीठ कुठं मळलंयस?" विशाखा हसली.

चंद्रभागाबाई तव्याकडे बघतच राहिल्या. "अहो, तुमचंच आहे ते."

नागनाथांनी मोबाइल कानाशी धरला. "पुन्हा लाव गं."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी स्टेशनावर जाऊन बसायचे. गेल्या वर्षी ते वारले. विशाखा आता नवसारीला असते. इंजिन तिकडे आफ्रिकेत कोळसा ओढतंय, आणि चंद्रभागाबाई मोबाइलवर भोंगा लावूनच तवा ठेवतात.