आठ नंबरचा पाना

विकासच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक आठवडाभर मऊ लागत होता. लिव्हर थेट मुठीला टेकायचा. "हौ चारू, दोनदा दाबला की लागतो," असं म्हणत माझा नवरा रोज आमच्या सहा वर्षांच्या शर्वरीला त्याच गाडीवर अंबरपेठेतून शाळेत नेत होता. माझं डोकं फिरलं. खंडेनवमीच्या सकाळी मी मामंजींना, म्हणजे सासरे एकनाथरावांना, अक्षरशः ओढत गाडीपाशी नेलं.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. मामंजींची तीस वर्षं वर्कशॉपात गेलेली, त्यांना रीत पक्की ठाऊक. मी लिव्हर दाबून धरायचा, त्यांनी खाली चाकापाशी आठ नंबरच्या पान्यानं निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा नट, सैल करायचं, तेलातून बुडबुडे निघाले की आवळायचं, मगच मी लिव्हर सोडायचा. बऱ्याच खेपांनी बुडबुडे थांबले. मी हात धुवायला आत गेले. येते तर सासूबाई मामंजींच्या हातातला पाना घेऊन देवघराकडे निघालेल्या. हत्यारांच्या पूजेत पाना नको का!

"नीट आवळलं ना?" मी विचारलं.

"हौ हौ, झालं."

तासाभरानं झेंडू कमी पडला म्हणून विकास शर्वरीला पुढे बसवून बाजारात निघाला. वळणावर ऑटो आडवी आली. त्यानं लिव्हर दाबला, तो मुठीला टेकला. मागच्या ब्रेकवर गाडी घसरली आणि दोघं पडले. शर्वरीची हनुवटी फाटली, तीन टाके पडले.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं गाडी ढकलत दारात आणली. "अम्मा, निप्पलइच ढीला है. तेल सब बह गया."

"देवीची पूजा मांडली होती, म्हणून एवढ्यावर निभावलं," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "मामंजी, सैल आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं." त्यांनी मान खाली घातली. "बोटांनी आवळलं होतं. पाना पूजेत गेला ना. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर उचलता येत नाही. म्हटलं, आज गाडी कोण नेतंय."

"विकासला सांगायला तोंड नव्हतं? मला हौ हौ कशाला म्हणालात?"

तीस वर्षांत या माणसानं एकही सैल नट गाडीवर सोडला नसेल. बायकोशी दोन शब्दांचा वाद नको म्हणून त्यानं सख्ख्या नातीचा ब्रेक सैल ठेवला. मला त्यांची किळस आली, खरंच आली.

"आणा तो पाना," मी ओरडले. "आत्ता!"

मामंजी लगबगीनं उठले. देवघराच्या उंबऱ्यापाशी गेले, थांबले, आणि मागे वळून त्यांनी आधी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं.

शर्वरी माझ्या खांद्यावर कण्हत होती, आणि हा माणूस अजून परवानगीच मागत होता.