चर्चच्या कोपऱ्यावरचा खांब

थोरलीचं सकाळपासून चित्त थाऱ्यावर नव्हतं. दर रविवारी शहराबाहेर पायी भटकणारा त्यांचा गट बसमधून उतरला. बाकीचे अजून बुटांच्या नाड्या आवळत होते, तोवर ही रस्त्याला लागलीसुद्धा.

"आजी, गाडी चुकतेय का तुमची?" कॅशियरनं मागून विचारलं. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ स्वतः सत्तरीचा, पण तिला आजी म्हणायची त्याला भारी हौस.

"जीभ चालते तसे पाय चालवा, म्हणजे कळेल," ती म्हणाली.

गटाचे पुढारी भूगोलाचे मास्तर. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता, विश्वास होता तो नियमावर. रस्ता फुटला की मास्तरांच्या लगेच मागे जो चालत असेल, त्यानं त्या फाट्यावर उभं राहायचं आणि मागून येणाऱ्यांना वाट दाखवायची. त्याला सगळे 'खांब' म्हणत. सर्वांत शेवटी नर्सबाई चालायच्या, त्या 'शेपूट'. शेपूट येईपर्यंत खांबानं जागचं हलायचं नाही आणि शेपटामागे कुणी राहता कामा नये. एवढं पाळलं की माणूस हरवत नाही, असं मास्तर म्हणत, आणि आजवर कुणी हरवलं नव्हतं.

आजची वाट थोरलीच्या माहेरावरून जात होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. चर्चपाशी रस्त्याला फाटा होता आणि फाट्यासमोरच ती जन्मली ते घर. तिथे आता धाकटी बहीण एकटी राहत होती. आई गेली तेव्हा धाकटीनं निरोप पाठवला तो आईला माती देऊन झाल्यावर. थोरली आली, उंबऱ्यातच उभं राहून तोंडाला येईल ते बोलली आणि तशीच माघारी फिरली. तेव्हापासून दोघींची बोलाचाली बंद. आपल्या पायानं जाऊन ते दार वाजवणं तिच्यानं होत नव्हतं. पण नियमानंच कुणी त्या दारासमोर उभं केलं, तर काय करणार? मग फक्त एवढंच करायचं होतं, की चर्च येईल तेव्हा मास्तरांच्या मागे आपण असायचं.

आणि तिथे तर कॅशियर गोचिडासारखा चिकटलेला.

पहिल्या गावात रस्ता फुटला तो थोड्याच अंतरावर पुन्हा जुळलाही. तिथे खांबाची गरज पडली नाही. तिची सगळी भिस्त खाणीजवळच्या फाट्यावर होती, कॅशियर तिथे उभा राहणार हे नक्की. पण मास्तरांनी खाणीच्या काठानं गेलेली आडवाट धरली आणि फाटा बाजूलाच राहिला.

खाणीत आता हिरवं पाणी साचलं होतं. एके काळी इथे दिवसभर छिन्न्यांचा आवाज चालायचा. दुपारी वडिलांचा डबा घेऊन दोघी बहिणी याच काठानं यायच्या. धाकटीला कड्याची भीती वाटायची, म्हणून ती थोरलीच्या वेणीचं टोक मुठीत धरून चालायची. आई दिवसातून दोनदा खिडक्यांवरची पांढरी भुकटी पुसायची आणि वैतागून म्हणायची, "बाप डोंगर फोडतो आणि मी तो घरात झाडते."

"खोल किती असेल हो?" कुणीतरी विचारलं.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली आणि पाय उचलले. झाडांवरून चर्चचा मनोरा दिसायला लागला होता. कॅशियर मास्तरांना कर्जाचे व्याजदर समजावून सांगत होता.

"अहो, तुमची नाडी सुटलीय," ती म्हणाली.

"कुठली?"

"उजवी. नाही, डावी. बघा ना नीट, पडाल कुठेतरी."

तो वाकला. ती पुढे सरकली. वळणावर मास्तरांनी मागे न बघताच सांगितलं, "तुम्ही थांबा. सगळ्यांना डावीकडे पाठवा. उजवीकडचा रस्ता खालच्या खाणीच्या कुंपणाशी संपतो."

"माहीत आहे," ती बोलून गेली.

पुढचे चारपाच जण डावीकडे गेले. कॅशियर जाताना म्हणाला, "दोन्ही नाड्या शाबूत आहेत हं, आजी." मग रस्ता ओस पडला. बाकीचे खाणीपाशी फोटो काढत रेंगाळले असावेत. तिनं टोपी काढली, पुन्हा घातली. समोरचं दार बंद होतं. धाकटी घरात असेल का? असली तर बघेल का? आणि बघून आतच राहिली तर?

दार उघडलं. धाकटी बादली घेऊन बाहेर आली, पायरीवर पाणी ओतलं आणि मान वर करून बघत राहिली. केस पार पांढरे झाले होते.

"ती टोपी काय घातलीयस?" तिनं रस्त्यापलीकडून विचारलं.

"ऊन लागतं."

"हं. आत ये."

थोरलीनं मागे बघितलं. कुणी नव्हतं. "मागची माणसं यायचीत अजून. ती येईपर्यंत मला हलता येत नाही."

धाकटीचा चेहरा कठोर झाला. "तुला कधी हलता येत होतं? आई खाटेला खिळली होती तेव्हा ऑफिस होतं, नंतर मुलाची परीक्षा होती. राहा उभी." बादली उचलून ती वळली.

थोरली जागा सोडून रस्ता ओलांडून गेली. दार लागायच्या आत ती आत होती.

स्वयंपाकघर तेच होतं, टेबल नवं होतं. धाकटीनं चहा ठेवला. थोरली खुर्चीच्या कडेला टेकली, कान रस्त्याकडे. बाहेर बोलण्याचे आवाज आले, फाट्यापाशी घोटाळले आणि उजवीकडे दूर जायला लागले. ती उठली. धाकटी कप हातात धरून नुसती बघत होती.

थोरलीनं खिडकी धाडकन उघडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "अहो, डावीकडे! डावीकडे जा!"

बाहेर एकदम शांतता झाली. मग हसणं, मग पावलं परत फिरली.

"झालं. अख्ख्या गावाला कळलं तू आलीस ते," धाकटी म्हणाली.

"कळू दे." ती खुर्चीत नीट टेकून बसली. "आई जायच्या आधी मला का नाही कळवलंस?"

"कळवलं असतं तर आली असतीस?"

थोरलीनं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मलाही माहीत नव्हतं. आईनं दाराकडे बघत राहावं आणि तू येऊ नयेस, हे मला बघवलं नसतं." धाकटीनं कप पुढे सरकवला. "घे, गार होतोय."

दारावर थाप पडली. नर्सबाई घामाघूम उभ्या होत्या. "अहो, खांब असे घरात बसतात का? चला, माझ्या मागे कुणाला ठेवता येत नाही मला."

"मास्तरांना सांगा, एक खांब गळाला."

"आणि परत कशा जाल?"

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"संध्याकाळची बस आहे," ती तिथूनच म्हणाली. तिनं बराच वेळ तोच कप विसळला. "उद्या सकाळचीही आहे."