हो म्हणणारी माणसं

टेलरबाईंनी मोहिमेसाठी माणसं निवडली ती स्वतःच्या पद्धतीने. पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हणेल तो आत, कुरकुर करेल तो बाहेर. शेजारच्या न्हाव्याने स्पष्टच सांगितलं, “ताई, दारोदार फिरणं मला जमायचं नाही. दुकानात येणाऱ्यांच्या सह्या घेईन फार तर.” बाईंनी त्याच्या नावावर काट मारली. असल्या अर्धवट मनाच्या माणसांकडून कामं होत नसतात, असं त्यांचं ठाम मत.

काम साधंच होतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डायलिसिसची दोन यंत्रं मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं होतं. वस्तीतल्या चारशे लोकांच्या सह्या, फोन नंबरसकट, शुक्रवारपर्यंत दिल्या तर आरोग्य कार्यालय फेरविचार करणार होतं. बाईंच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा त्या यंत्रावर जावं लागे. परतल्यावर घरचे दोन जिने चढतानाही तो मध्ये टेकायचा. मोठं हॉस्पिटल दोन बस पलीकडे होतं.

बाई धरून आठ जण, प्रत्येकी पन्नास सह्या. स्वतःच्या पन्नास बाईंनी शिवणकाम बाजूला टाकून, पाय तुटेपर्यंत फिरून मिळवल्या. बाकीच्यांना रोज विचारलं की एकच उत्तर, “होतंय हो, काळजी कशाला करता?” त्यांतल्या निवृत्त गुरुजींनी तर बुधवारीच कागद आणून दिले. वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही. बाईंना अगदी भरून आलं. शुक्रवारी सकाळपर्यंत सगळ्यांचे कागद आले, सगळे गच्च भरलेले.

कार्यालयातल्या कारकुनाने गुरुजींचा कागद उजेडात धरला. “बाई, ही पन्नास माणसं एकाच हाताने लिहितात का?” मग त्याने वेगवेगळ्या कागदांवरचे पाच-सहा नंबर फिरवले. कुणालाच कसली सही ते माहीत नव्हतं. बाईंचा स्वतःचा कागद तेवढा खरा निघाला. कारकून माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “सोमवारी दहाला साहेब भेटतात. तीस-चाळीस माणसं घेऊन या, बघू.”

बाई तडक गुरुजींकडे गेल्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच.

“आधी सांगायचं नाही का, गुरुजी?”

गुरुजींची मान वर होईना. “दोन दारं वाजवली. तिसऱ्या घरातले ‘घरात कोणी नाही’ असं आतूनच ओरडले. पुढे पाऊलच उचलेना. आणि तुम्ही इतक्या आशेने विचारत होतात, तुम्हाला नाही कसं म्हणायचं? वाटलं, लोकांचा विरोध थोडाच आहे, आपणच सह्या केल्या तर काय बिघडलं?”

बाईंना त्यांचा संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. किती दारं वाजवलीत, हे त्यांनी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. पण आता नवी माणसं शोधायला वेळ कुठे होता? त्याच सातही जणांच्या घरी जाऊन त्यांनी सोमवारचं सांगितलं, घरच्यांना घेऊन या म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा नवरा उशीला टेकून बसला होता.

“कोण कोण येणार म्हणालं?”

“सगळेच.”

“कुणाची काही अडचण?”

“नाही. एकाचीही नाही.”

तो हळूच म्हणाला, “मोठ्या हॉस्पिटलाकडे जाणारी सकाळची पहिली बस किती वाजता असते, तेवढं विचारून ठेव.”