दोन पानी अर्जाची भानगड

अर्ज दोनच पानांचा निघाला, तिथेच काकांच्या मनात पाल चुकचुकली.

काकांची उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. समोर बाई नवऱ्यासाठी ऊर बडवून रडत असली, तरी काका आधी मृत्यूचा दाखला बघायचे, सांत्वन मागाहून. त्यामुळे आठवण हरवत चाललेल्या म्हाताऱ्यांसाठी चालणाऱ्या त्या छोट्याशा दिवसकेंद्राचं खजिनदारपद त्यांच्या गळ्यात पडलं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. पाठीमागे सगळे त्यांना शंकासुर म्हणायचे. काकांना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडायचंही.

केंद्र चालवायची एक निवृत्त नर्स, सगळ्यांची ताई. केंद्राचा जुना देणगीदार वारला आणि त्याच्या मुलांनी हात आखडता घेतला. आता महिना-दोन महिन्यांत टाळं लागणार हे उघड होतं. ताई रोज दुपारी कॉम्प्युटरपुढे बसून फाउंडेशनं धुंडाळायची. एक फक्त शाळांना द्यायचं. दुसरं मोठ्या शहराबाहेर पाऊल टाकत नव्हतं. तिसऱ्याचा अर्ज असा लांबलचक, की तो भरायलाच एक माणूस ठेवावा लागला असता. शेवटी एक सापडलं. नदीच्या अलीकडच्या संस्थांनाच मदत करणारं, छोटं, कुणी नावही न ऐकलेलं.

"दोनच पानं?" काका म्हणाले. "अहो ताई, फोनचं साधं कार्ड घ्यायचं तरी यापेक्षा जास्त कागद मागतात. काहीतरी काळंबेरं आहे यात."

"असू दे काका. शेवटचा प्रश्न तेवढा राहिलाय. केंद्र बंद पडलं तर कुणाचं काय अडेल? तुम्हीच लिहा ना. काकू रोज इथे येतात, तुम्हाला जास्त कळणार."

काकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"सभासदांची गैरसोय होईल, एवढं टाका," असं म्हणून ते उठलेच.

दुसऱ्या दिवशी ते फाउंडेशनचा पत्ता बघायला स्वतः गेले. खाली काचेचं दुकान, बाजूने जिना, वर कुलूप. पाटी नाही की काही नाही. दुकानदार म्हणाला, "एक बाई येतात कधीमधी." झालं! एवढं काकांना पुरेसं होतं. तरातरा परत येऊन बघतात तर ताईने अर्ज पाठवूनही दिलेला. सोबत हिशेब, बँकेचा खाते क्रमांक, सगळं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

आठवड्याभराने फाउंडेशनची ती बाई केंद्रावर हजर झाली. साधी चप्पल, खांद्याला पिशवी, बसमधून उतरून चालत आलेली. काकांनी तिला दारातच गाठलं.

"ओळखपत्र?"

"फाउंडेशनचं नाही हो. आम्ही छापलंच नाही कधी. ऑफिसला फोन करून विचारा ना."

"करणारच आहे," म्हणत काकांनी अर्जावरचा नंबर लावला. फोन बाईच्या पिशवीत वाजला.

बाईला हसू फुटलं. "ऑफिस म्हणजे मीच."

काका हसले नाहीत. आजवर त्यांनी लोकांचे शंभर बनाव पाहिले होते, पण इतका गचाळ बनाव पहिल्यांदाच बघत होते.

"हिशेबाच्या वह्या बघायच्या असतील," ते म्हणाले.

"नको, हिशेब अर्जासोबत आलेत. मला नुसतं आत बसायचंय थोडा वेळ."

हिशेब नको म्हणणारा पैसेवाला! काका दार अडवून उभेच राहिले. ताई मागून खुणा करत होती, त्या त्यांनी पाहून न पाहिल्यासारख्या केल्या.

तेवढ्यात आतून काकू आल्या. काकांची बायको. आपल्या वस्तू कुणीतरी चोरतं, असं काकूंच्या डोक्याने घेतलं होतं. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी ताईने त्यांना कामालाच लावलं होतं. दाराजवळ एक टेबल, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर का असेना, त्यावर आपली पिशवी उघडून काकूंना दाखवायची. काकांना या प्रकाराची मनातून फार लाज वाटायची.

"पिशवी," काकू म्हणाल्या.

बाईने मुकाट्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. काकूंनी डबा उघडून पाहिला, छत्री झटकली, चष्म्याच्या घरात बोट घातलं.

"जा आत. तू नाहीस त्यातली," त्या म्हणाल्या आणि काकांकडे बोट केलं. "पण याच्यापासून जपून राहा."

"हे कोण?" बाईने सहज विचारलं.

"कोण जाणे! आमच्या घरात घुसलाय. माझ्या नवऱ्याचे कपडे घालून हिंडतो. ते कामावरून येऊ देत, मग बघते याच्याकडे."

ताई चमकली. बायको अधूनमधून विसरते, एवढंच काकांनी तिला सांगितलं होतं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईने आपल्या वस्तू सावकाश पिशवीत भरल्या.

"अर्जात गैरसोय होईल असं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "कसली, ते सांगाल?"

 काका बोलायला लागले ते थांबेचनात.

"इथे आल्यागेल्याला तपासण्यात तिचा दिवस जातो. घरी तपासायला मी एकटाच. सुट्टीच्या दिवशी ती मोरीला आतून कडी लावून बसते. मी बाहेर उभा राहून सांगतो, अगं, मीच आहे. लग्नातल्या गोष्टी सांगतो, तिच्या आईचं नाव सांगतो. ती म्हणते, हे कुणीही सांगेल. बरोबरच आहे तिचं. तिला पुरावा हवा असतो, आणि माझ्याकडे पुरावा नाही."

बाईने पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"हे लिहा अर्जात," काका म्हणाले. "आणि खात्री करायची असेल, तर रविवारी घरी या."

"तसंच लिहिते, काका. घरी यायची गरज नाही."

काकांनी मान फिरवली, पण डोळ्यांतलं पाणी काही लपलं नाही. काकू त्यांच्याकडे निरखून पाहत होत्या. मग बाईच्या कानाशी लागून म्हणाल्या,

"रडतोय बघ. नक्की काहीतरी लपवलंय याने."